कॅमेऱ्याचं ‘नाळे बा’

गेल्या दिवाळीत लेक घरी आली होती. फराळाची ताटं आवरली आणि ती जुना कॉम्प्युटर उघडून बसली. घरातले सगळे फोटो एका ठिकाणी आणायचे, वर्षवार लावायचे, असा तिचा बेत होता. अर्ध्या तासानं आतून हाक आली, “बाबा, मी रांगलेच नव्हते का?”

मी उठून गेलो. पडद्यावर तिचं बारसं होतं, आजीच्या पायावरची तिची अंघोळ होती, पालथं पडून मान वर केलेली ती होती. तारीख मे २००५ ची. पुढचा फोटो एकदम डिसेंबरातल्या पहिल्या वाढदिवसाचा. नवा फ्रॉक, कपाळावर तीट, आणि पोरगी आपली आपण दोन पायांवर उभी. मध्ये काहीच नाही. ना बसलेली, ना रांगणारी, ना भिंतीला धरून चालणारी.

“सहा महिने मला कुठं ठेवलं होतं?” लेक म्हणाली.

स्वयंपाकघरातून आवाज आला, “निम्म अप्पग केळ!” आमच्या घरात महत्त्वाचे आरोप कन्नडमध्ये होतात.

आता अप्पाला विचारलंच आहे, तर सांगतो. ज्यांच्या घरी त्या काळात डिजिटल कॅमेरा आला आणि वर्षाच्या आत बिघडला, त्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल.

लेक डिसेंबर २००४ मधली. तेव्हा मी कॉलेजात अर्धवेळ व्याख्याता होतो. जानेवारीत बारसं ठरलं आणि माझ्या डोक्यात कॅमेऱ्याचं खूळ शिरलं. आमच्या वडिलांकडं बडोद्याला तयार होणारा आग्फाचा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये बारा फोटो. त्यामुळं बारसं, मुंज, लग्न अशा ठिकाणी वडील खिशातून सुट्टे पैसे काढावेत तसे एकेक फोटो काढायचे. डिजिटलमध्ये रोल नाही, धुणं नाही, आवडला नाही तर पुसून टाका. हे ऐकूनच मी भाळलो होतो. संकेश्वरकरांना बेळगाव जवळचं, पण ‘मोठं घेणं’ म्हटलं की अनेकांची पावलं अजूनही कोल्हापूरकडं वळतात. मीही वळलो. चौदा हजार सातशे रुपये मोजले. अर्धवेळ माणसाचा चार महिन्यांचा पगार. पत्नीनं त्यात माहेरून आलेले बाळंतविड्याचे पैसे घातले होते, ही गोष्ट तिनं त्या वर्षात मला एकूण किती वेळा ऐकवली ते लिहीत नाही.

कॅमेरा मात्र छान होता. बारशाला सासरकडची सगळी मंडळी आलेली. माझे सासरे हुक्केरीच्या बाजूचे, शेतीतले, कमी बोलणारे. त्यांना मागच्या काचेवर त्यांचाच फोटो लगेच दाखवला, तर ते कॅमेरा उलटा करून पुढून बघायला लागले. आत कोण बसलंय म्हणून! त्यानंतर ते आले की आधी विचारायचे, “पेटी यल्लि ऐति?” पेटी म्हणजे कॅमेरा.

मे महिन्यात जावळ काढायला सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर गेलो. ऊन असं की दगडावर पाय ठेववत नव्हता. नाभिकानं पहिली बट कापली, मी बटण दाबलं, आणि काचेवर जांभळ्या रंगाच्या आडव्या रेघा आल्या. चेहरे ओढल्यासारखे लांब झाले. दुसऱ्या फोटोला रेघा वाढल्या. तिसऱ्याला सगळं काळं. बॅटरी काढून घातली, कार्ड बदललं, मेहुण्यानं उन्हात धरला, चुलत सासऱ्यांनी सावलीत धरला. कुणी म्हणालं देवीचा कोप, कुणी म्हणालं चार्जिंग. कॅमेरा चालू होत होता, भिंग बाहेर येत होतं, बटणं वाजत होती, फक्त दिसत काही नव्हतं. माणूस जागा असून आंधळा व्हावा तसं.

जावळाचा एक फोटो आहे आमच्याकडं. डोंगरावरच्या एका झटपट फोटोवाल्यानं काढलेला. त्यात पोरगी रडतेय आणि मी कॅमेऱ्याकडं बघतोय. म्हणजे माझ्या हातातल्या कॅमेऱ्याकडं.

वॉरंटी वर्षाची होती. झाले होते चार महिने. त्यामुळं मला फारशी काळजी वाटली नाही. बिल, वॉरंटी कार्ड, खोका, खोक्यातला थर्माकोलसुद्धा जपून ठेवलेला. जवळ म्हणून आधी बेळगावला गेलो. तिथं त्या कंपनीचा माल स्वीकारणारं एक दुकान होतं. काउंटरवरच्या मुलानं बिल उलटसुलट पाहिलं.

“सर, बिल कोल्हापूरचं आहे नव्हं?”

“हो. पण कार्डावर लिहिलंय, भारतात कुठंही.”

“लिहिलेलं असतंय हो सर. तिथनं घेतलंय, तिथंच द्या की. लवकर होतंय.”

‘लवकर होतंय’ या दोन शब्दांवर विश्वास ठेवून मी दुसऱ्या आठवड्यात कोल्हापूरची गाडी धरली. कोल्हापूरच्या दुकानदारानं चहा पाजला. बारशाची चौकशी केली. कॅमेरा ठेवून घेतला, एका गुलाबी कागदावर लिहून दिलं आणि म्हणाला, “मुंबईला पाठवतो. पंधरा दिवस धरा.”

ते पंधरा दिवस मी कॅलेंडरवर लाल पेनानं खूण करून धरले. मग जूनची अखेर धरली. मग जुलैचा पहिला शनिवार.

दरवेळी उत्तर एकच. पार्ट आलेला नाही. कोल्हापूरला फोन म्हणजे एसटीडी. मोबाईल होता, पण तो कर्नाटकाच्या सर्कलमधला. कोगनोळी ओलांडली की रोमिंग लागायचं. आमच्या गावापासून गडहिंग्लज हाकेच्या अंतरावर, पण तिथं उभं राहून घरी ‘जेवायला येतोय’ सांगायचं तरी पैसे जास्त. आता देशभर एकच दर असताना मुलांना हे सांगितलं तर त्यांना आपण संस्थानी काळातलं काही सांगतोय असं वाटतं. तर मी बसस्टँडसमोरच्या बूथवरून फोन करायचो. बूथवाला ओळखीचा झाला होता. मी दार उघडलं की विचारायचा, “सर, कॅमेरा बंतेन?” आणि मी बाहेर आलो की माझं तोंड बघून स्वतःच म्हणायचा, “इन्नू बंदिल्ल.”

त्यानंच एकदा मला ‘नाळे बा’ची आठवण करून दिली. आपल्याकडच्या चाळिशीपुढच्या माणसांना ते आठवत असेल. नव्वदच्या दशकात कर्नाटकातल्या कितीतरी गावांत घराच्या दारावर खडूनं, चुन्यानं ‘नाळे बा’ लिहिलेलं असायचं. रात्री एक भूत दार वाजवतं, ओळखीच्या आवाजात हाक मारतं, दार उघडलं की संपलं, अशी आवई होती. म्हणून दारावरच लिहायचं, उद्या ये. भूत वाचायचं आणि परत जायचं. दुसऱ्या दिवशी आलं तरी दारावर तेच. बूथवाला म्हणाला, “सर, त्या दुकानाच्या दारावर तसंच लिहिलंय बघा. तुम्ही भूत.”

हसलो खरा. पण बसमध्ये बसल्यावर ते मनातून जाईना. कारण ग्राहकाची स्थिती नेमकी तीच असते. कुणी हाकलत नाही, कुणी उर्मट बोलत नाही. कोल्हापूरचा दुकानदार शेवटपर्यंत सज्जनपणे वागला. मुंबईच्या सर्व्हिस सेंटरमधली बाई फोनवर ‘सर’ शिवाय बोलत नव्हती. नकार कुठंच नाही, म्हणून भांडायलाही जागा नाही. नुसतं ‘उद्या’. आणि दरवेळी आपण स्वतःच दार वाजवायला जातो, त्यामुळं कालांतरानं आपलीच काही चूक आहे असं वाटायला लागतं.

मग २६ जुलै आला. मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. माणसं गेली, संसार वाहून गेले. इकडं हिरण्यकेशीही फुगली होती, पंचगंगेचं पाणी कोल्हापुरात शिरलं होतं. अशा वेळी कॅमेऱ्याची चौकशी कुठल्या तोंडानं करायची? महिनाभर मी फोन केलाच नाही. ऑगस्टच्या शेवटी धीर करून विचारलं तर कळलं, सर्व्हिस सेंटरच्या तळमजल्यात पाणी आलं होतं, बऱ्याच वस्तू भिजल्या, आमचा कॅमेरा त्यात होता की नव्हता ते ‘बघून सांगतो’. गणपती ७ सप्टेंबरला बसले. दुकानदारानं ‘गणपतीच्या आधी नक्की’ असा शब्द दिला होता. कोणत्या गणपतीच्या आधी ते मी विचारायला हवं होतं.

सप्टेंबर संपताना मुंबईहून पत्र आलं. कॅमेरा सुरक्षित होता. पण आत ओलावा शिरल्याचं आढळलं, हा वापरातला निष्काळजीपणा असल्यानं वॉरंटी लागू नाही, दुरुस्तीचा खर्च चार हजार दोनशे रुपये, मान्य असल्यास कळवा.

ओलावा! मे महिन्यात, सौंदत्तीच्या डोंगरावर! आणि त्यांच्याच तळमजल्यात जुलैमध्ये पाणी शिरलेलं!

मी रागानं दोन पानी उत्तर लिहिलं. इंग्रजीत लिहिलं, कारण राग मराठीत आला असला तरी कंपनी इंग्रजीतलीच होती. कोल्हापूरच्या एका वकील मित्राला दाखवलं. त्यानं शांतपणे समजावलं. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ चा. जिथं दुकान आहे, कंपनीचा व्यवसाय आहे किंवा जिथं व्यवहार घडला तिथल्या जिल्हा मंचात तक्रार करायची. म्हणजे तुझी तक्रार कोल्हापुरात. दोन वर्षांची मुदत आहे, वकील लावायची सक्ती नाही, कागदपत्रं चांगली आहेत. पण तारखा पडतील. प्रत्येक तारखेला संकेश्वरहून यायचं. एक दिवसाची रजा, आणि अर्धवेळ माणसाला रजा म्हणजे पगार नाही. “चार हजारांसाठी किती हजार घालवशील, हिशेब कर,” तो म्हणाला.

मी हिशेब केला आणि चार हजार दोनशेची डीडी पाठवली. हे लिहिताना आजही हात अडखळतो. मी कॉलेजात मुलांना नागरिकांच्या हक्कांवर भाषणं देत होतो. पण सीमेवरच्या माणसाचा एक पाय इकडं आणि एक तिकडं असतो असं आपण कौतुकानं म्हणतो, तेव्हा हेही खरं असतं की दाद मागायची झाली तर दोन्हीकडची दारं लांब पडतात. बेळगाव म्हणालं बिल कोल्हापूरचं, कोल्हापूर म्हणालं माल मुंबईचा, आणि मुंबईच्या लेखी संकेश्वर कुठं होतं कोण जाणे. पत्रावर त्यांनी ‘संकेश्वर, महाराष्ट्र’ लिहिलं होतं. ते आमच्यापर्यंत पोचलं याचं श्रेय टपालखात्याचं. (सीमाप्रश्न इतक्या सहजपणे सोडवणारी ती पहिलीच कंपनी असावी.)

दिवाळी त्या साली १ नोव्हेंबरची. कॅमेरा आला दिवाळीनंतर तीन आठवड्यांनी. चालत होता. पुढं चार-पाच वर्षं चांगला चालला. मग सगळ्यांच्या मोबाईलमध्येच कॅमेरे आले आणि तो कपाटात गेला.

खरी गोष्ट मला कळली ती २००७ मध्ये, एका माजी विद्यार्थ्याकडून. तो पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या कामात होता. मी गमतीनं जांभळ्या रेघांची हकीकत सांगितली, तर तो म्हणाला, “सर, तुम्ही पैसे कशाला भरले? तो तर सीसीडीचा घोळ होता.”

आपल्या डोळ्यात जसा पडदा असतो, तसा डिजिटल कॅमेऱ्यात प्रकाश टिपणारा चिमुकला तुकडा असतो. त्या काळच्या बहुतेक कॅमेऱ्यांत तो सीसीडी जातीचा असायचा. विलार्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ साली बेल लॅबमध्ये त्याची कल्पना मांडली आणि त्याबद्दल २००९ साली त्यांना नोबेलही मिळालं. कॅमेऱ्यावर नाव कुणाचंही असो, आतला सीसीडी बऱ्याचदा सोनीनं बनवलेला असे. २००२ ते २००४ च्या दरम्यान बनलेल्या यातल्या काही सीसीडींत दोष राहिला होता. आतल्या केसाहून बारीक तारांची जोडणी उष्ण आणि दमट हवेत सुटायची. मग चित्र वेडंवाकडं यायचं, रंग बिघडायचे, नाहीतर नुसता काळोख. २००५ च्या ऑक्टोबरात सोनी, कॅनन, निकॉन, फुजी, कोनिका मिनोल्टा अशा अनेक कंपन्यांनी आपापल्या मॉडेलांच्या याद्या जाहीर केल्या आणि हा दोष आढळल्यास, वॉरंटी संपली असली तरी, फुकट दुरुस्त करून देऊ असं सांगितलं.

ऑक्टोबर २००५. माझी डीडी वाटेत असेल तेव्हा.

माझं मॉडेल त्या याद्यांमध्ये होतं का? वाचकहो, मी बघितलं नाही. विद्यार्थी म्हणाला, नंबर सांगा, पाच मिनिटांत सांगतो. मी विषय बदलला. होतं असं कळलं असतं तर चार हजार दोनशेचं दुःख पुन्हा ताजं झालं असतं, आणि नव्हतं असं कळलं असतं तर दोन वर्षं सांभाळलेला राग वाया गेला असता. म्हणून माझा कॅमेरा कोणत्या कंपनीचा ते इथंही लिहीत नाही. पण ‘ओलावा’ हा शब्द मात्र माझ्या डोक्यात फिरत राहिला. ‘उष्ण आणि दमट हवा’ म्हणजे काही कुणाचा निष्काळजीपणा नव्हे. ते आपलं हवामान आहे. आंबोलीकडून येणारा पावसाळी वारा आणि मे महिन्यातलं ऊन, या दोन्हींत आपण, आपल्या म्हशी आणि आपल्या मिरच्या पिढ्यान्पिढ्या नांदत आलो. त्यात एक तार सुटली, तर दोष हवेचा की तारेचा?

आणि त्या याद्या जाहीर झाल्या कुठं? कंपन्यांच्या इंटरनेटच्या पानांवर, इंग्रजी वर्तमानपत्रांत. २००५ मध्ये आमच्याकडं इंटरनेट म्हणजे कॅफेत तासाला पैसे मोजून बसणं. ज्यांचे कॅमेरे बिघडले त्यांना हे कळवण्याची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न मला आजही पडतो. गुलाबी कागदावर माझं नाव, पत्ता, बूथचा नंबर, सगळं होतं.

उशीर का होत होता, तेही त्या विद्यार्थ्यानं समजावलं. वडिलांचा क्लिक थ्री अडकला की ते बाजारपेठेतल्या स्टुडिओत जायचे. स्टुडिओवाला चष्मा कपाळावर चढवून स्क्रू काढायचा, स्प्रिंग ताणायचा, थेंबभर तेल सोडायचा आणि वडील समोर बसून बघायचे. काय बिघडलं ते दिसायचं, कोण दुरुस्त करतोय ते दिसायचं. डिजिटलमध्ये दुरुस्ती अशी फारशी नसतेच, असते ती अदलाबदल. बिघडला तर सीसीडीसह सगळा भागच काढायचा आणि नवा बसवायचा. तो भाग परदेशातून यायचा. शिवाय कंपन्या वर्षा-वर्षाला, कधी त्याहून लवकर, नवं मॉडेल आणायच्या, त्यामुळं जुन्याचे भाग फार साठवून ठेवणं त्यांना परवडायचं नाही. आपलं वर्षाचं मॉडेल त्यांच्या दृष्टीनं म्हातारं झालेलं असायचं. काही वेळा तर कंपनीच म्हातारी व्हायची. कोनिका मिनोल्टानं जानेवारी २००६ मध्ये कॅमेऱ्याचा धंदाच सोडत असल्याचं जाहीर केलं आणि ग्राहकांच्या दुरुस्तीचं काम सोनीकडं सोपवलं. ज्या कोडॅकच्या नावानं आपल्याकडं रोल मागितला जायचा, त्या कोडॅकनं जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला.

‘पार्ट आलेला नाही’ हे म्हणजे अगदी खोटं नव्हतं तर. मला खोटेपणाचा राग नव्हताही. ‘दोन महिने लागतील’ असं पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं, तर मी मित्राचा रोलवाला कॅमेरा मागून आणला असता. रोज उद्या येणार म्हणून मी तोही आणला नाही. सहा महिने असे गेले.

आता कायदा बदलला आहे, ते आपल्या भागातल्या वाचकांनी लक्षात ठेवावं म्हणून थोडं सविस्तर लिहितो. २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात ग्राहक जिथं राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते. कोल्हापुरात घेतलेल्या वस्तूसाठी संकेश्वरच्या माणसाला बेळगावात, आणि बेळगावात घेतलेल्या वस्तूसाठी गडहिंग्लजच्या माणसाला कोल्हापुरात दाद मागता येते. माझ्या मते सीमाभागातल्या ग्राहकासाठी या कायद्यातली ही सर्वांत मोठी गोष्ट, आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोललं गेलं. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. तक्रार ऑनलाईनही दाखल होते. मुदत पूर्वीसारखीच दोन वर्षांची. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाईनवर फोन करून बघावा, पुष्कळदा तेवढ्यानंच कंपनी हलते. २४ डिसेंबर २०२२ ला, म्हणजे ग्राहक दिनी, केंद्र सरकारनं ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाचं पोर्टलही सुरू केलं. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती, सुटे भाग, सर्व्हिस सेंटर हे एका ठिकाणी सांगावं असा त्यामागचा हेतू. माझं एवढंच सांगणं, वस्तू दुरुस्तीला देताना कागदावर तारीख लिहून घ्या. तोंडी पंधरा दिवस कॅलेंडरवर कुठंच नसतात.

कॅलेंडरवरून आठवलं. लेकीनं ‘सहा महिने मला कुठं ठेवलं’ विचारलं, त्या दिवशी रात्री पत्नीनं कपाटातून एक फाईल काढली. आत कॅमेऱ्याचं बिल, गुलाबी कागद, मुंबईचं पत्र, आणि घडी घातलेलं २००५ चं कालनिर्णय. ते मीच ठेवलं होतं, पुरावा म्हणून. उद्या कोर्टात गेलो तर कुठल्या कुठल्या तारखा दिल्या ते दाखवता यावं! जूनपासून प्रत्येक पानावर माझ्या लाल खुणा. ‘कॅमेरा?’ ‘दुकानदार म्हणाला शनिवार.’ ‘गणपतीआधी.’ ‘बघून सांगतो.’

मला आठवत नव्हतं, म्हणजे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं, की त्याच चौकटींत खाली पेन्सिलीनं बारीक कन्नड अक्षरं होती. पत्नी दुधाचा आणि गॅसचा हिशेब तिथं लिहायची, एवढंच मला माहीत. माझं कन्नड वाचन अजूनही पाटीवर बोट ठेवून वाचल्यासारखं. लेक मात्र शाळेत कन्नड शिकलेली. ती वाचायला लागली.

जुलैत एका चौकटीत, ‘हल्लु बंतु’. दात आला. ऑगस्टमध्ये, जिथं माझं ‘फोन करायचा?’ असं लाल अक्षरात होतं, त्याच्या खाली, उंबऱ्यापर्यंत रांगत गेली. सप्टेंबरात, आरतीच्या टाळांना घाबरली, मग हसली. ऑक्टोबरात, ‘एद्द निंतळु’, उठून उभी राहिली, आणि पुढं कंसात ‘अप्पा’. हा अप्पा मी नव्हे, तिचे वडील. ते तेव्हा चार दिवस राहायला आले होते. त्यांच्या धोतराचा सोगा धरून ती उभी राहिली असं पत्नीनं सांगितलं. सासरे २००९ मध्ये गेले. त्यांचे फोटो आहेत आमच्याकडं, बारशातले, नंतरचेही, सगळे ताठ बसलेले. धोतराचा सोगा धरलेली नात आणि खाली वाकलेले ते, असा नाही. त्या वेळी त्यांनी विचारलं होतं म्हणे, “पेटी यल्लि ऐति?” आणि मी म्हणालो होतो, “नाळे बरतैति.”

लेकीनं त्या सगळ्या चौकटींचे मोबाईलवर फोटो काढले आणि मे ते डिसेंबरच्या मधल्या रिकाम्या जागेत लावले. माझ्या लाल खुणांसकट.

गोष्ट इथं संपायची, पण आजकालच्या मुलांचं वेगळंच असतं. लेकीच्या मैत्रिणींत म्हणे जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांचं वेड आलंय. मोबाईलचे फोटो फार स्वच्छ येतात, त्या जुन्या कॅमेऱ्यांचा भडक फ्लॅश आणि पिवळट रंगच त्यांना हवा असतो. आम्ही ज्याला दोष म्हणून रडलो, तो यांना पैसे देऊन पाहिजे. तिनं कपाटातली ‘पेटी’ काढली. बॅटरी फुगलेली. दुसरी मिळवून घातली, तर कॅमेरा चालू होतो, भिंग अर्ध्यात अडकतं आणि कर्रर्र करून बंद.

“बाबा, दुरुस्त करू या.”

मी हात जोडले. पण ती ऐकेना. अधिकृत ठिकाणी फोन केला, तर इतक्या जुन्या मॉडेलचे भाग मिळत नाहीत, असं एका मिनिटात सांगितलं. मला तर ते फार बरं वाटलं. वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी स्पष्ट ‘नाही’ म्हणालं होतं.

शेवटी बेळगावात एका गल्लीत जुने कॅमेरे दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत असं कळलं, तिथं तिला घेऊन गेलो. साठीचे असतील. दुकान म्हणजे एक टेबल, दिवा आणि मागं उघडलेल्या कॅमेऱ्यांचे सांगाडे. त्यांनी कॅमेरा कानाशी धरला, बटण दाबलं, आवाज ऐकला. बारीक स्क्रू एका चुंबकाच्या वाटीत टाकत त्यांनी आमच्यासमोरच तो उघडला. आत एक दात तुटलेलं पांढरं चाक होतं. चिमट्यात धरून त्यांनी ते लेकीला दाखवलं. तिनं त्याचा फोटो काढला.

“सिगतैतेन री?” मिळेल का, तिनं विचारलं.

त्यांनी मागच्या सांगाड्यांकडं पाहिलं. “नाळे अंत हेळूदिल्ल. दुसऱ्या कशातलं बसलं तर बसलं. जमलं तर फोन करतो, जमलं नाही तरी फोन करतो.”

लेकीनं पिशवीतून पेन काढलं आणि त्यांच्यापुढं चिठ्ठी सरकवली. “अंकल, तारीख लिहा की.”

ते हसले. भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघून त्यांनी तारीख लिहिली, खाली सही केली. पुढच्या महिन्यातला दुसरा सोमवार आहे.